सातासमुद्रापलीकडून माहेरी: स्थलांतरित जर्मन स्त्रीची पत्रं आणि डायऱ्या कशा वाचाव्यात

१८३६ साली हेन्रिएट ब्रुन्स ही बावीस वर्षांची तरुणी नवरा, लहानगा मुलगा आणि आपले दोन भाऊ यांच्याबरोबर जर्मनीतला वेस्टफालिया प्रांत सोडून अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात गेली. माहेरचं आडनाव गाइसबर्ग, घरातलं नाव येट्टे. नवरा डॉक्टर. मेरीज नदीच्या काठी रान तोडून वसवलेल्या जर्मन वस्तीत त्यांनी ओंडक्यांचं घर उभारलं. त्या वस्तीचं नावही वेस्टफालियाच पडलं. १८९९ मध्ये जेफरसन सिटीत तिचा मृत्यू झाला. मधल्या साठेक वर्षांत ती माहेरी, विशेषतः धाकटा भाऊ हाइनरिश याला, पत्रं लिहीत राहिली. माहेरच्यांनी ती जपली, म्हणून आज एका बाईचं जवळजवळ अख्खं आयुष्य तिच्याच शब्दांत आपल्यापुढे आहे.

हा लेख अशी पत्रं आणि डायऱ्या प्रत्यक्ष वाचू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्यामुंबईत जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, अनुवादक आहेत. मिसुरी, टेक्सास, विस्कॉन्सिनमध्ये राहणारी आणि तिथल्या स्थानिक इतिहास मंडळांत जाणारी मराठी माणसंही आहेत. यांपैकी कुणाच्याही हाती अशा पत्रांचा गठ्ठा किंवा त्याचे स्कॅन आले, तर कामाला कुठून लागायचं आणि काय टाळायचं, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून येट्टे ब्रुन्स आपल्या सोबतीला राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. सुटं पत्र उचलून त्यातलं एखादं हृदयस्पर्शी वाक्य काढून घेऊ नका. सगळी पत्रं ओळीने लावा, मधल्या रिकाम्या जागांसकट, आणि मगच अर्थ लावायला बसा. वाक्यं वेचण्याच्या सवयीने या बायकांवर फार अन्याय झाला आहे. कुणाला त्यांच्यात फक्त सोशीक माता दिसली, तर कुणाला फक्त शूर वसाहतकार.

पत्रं कुठे शोधायची

अमेरिकेतून लिहिलेली पत्रं जर्मनीत सापडतात आणि जर्मनीतून लिहिलेली अमेरिकेत. पत्र ज्याला मिळालं त्याच्या घरी ते राहतं, हे उघड असूनही शोधताना नेमकं विसरलं जातं. लेखिका मिसुरीत राहत होती म्हणून मिसुरीतच शोधत बसू नका, तिच्या माहेरच्या गावाचा माग काढा. डायरी, हिशेबाची वही, पाककृतींची वही मात्र जिथे ती राहिली तिथे, म्हणजे मुलानातवंडांकडे किंवा स्थानिक संग्रहात मिळते.

जर्मनीत गोथा इथल्या संशोधन ग्रंथालयात उत्तर अमेरिकेतून आलेल्या पत्रांचा मोठा संग्रह आहे. त्याची सुरुवात १९८० च्या दशकात बोखुम विद्यापीठात झाली. वॉशिंग्टनमधल्या जर्मन हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटने अशा पत्रांचे स्कॅन, लिप्यंतर (म्हणजे हस्ताक्षर वाचून आजच्या अक्षरांत उतरवलेला मजकूर) आणि इंग्रजी अनुवाद एकत्र ठेवणारा डिजिटल प्रकल्प उभा केला आहे. घरबसल्या सुरुवात करायला तो फार सोयीचा. अमेरिकेत मिसुरीची स्टेट हिस्टॉरिकल सोसायटी, मॅडिसनचं माक्स काडे इन्स्टिट्यूट आणि टेक्सासात न्यू ब्राउनफेल्सचं सोफिएनबुर्ग संग्रहालय ही ठिकाणं पाहावीत. येट्टेची पत्रं इंग्रजी अनुवादात मिसुरी विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९८८ साली छापली. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने असा एखादा छापील संच आधी संपूर्ण वाचावा. पुढे हस्तलिखितात अडखळलात तर अशा पत्रांत साधारण काय येतं याचा अंदाज पाठीशी राहतो.

टंकलिखित प्रतींपासून सावध राहा. पुष्कळ घरांत नंतरच्या पिढीतल्या कुणीतरी जुनी पत्रं टाइप करून ठेवली आणि करताना ‘घरगुती’ मजकूर गाळला. बाळंतपण, आजार, दिरा-जावांची भांडणं, उसने पैसे, मोलकरणीचं निघून जाणं हे सगळं त्यांना बिनमहत्त्वाचं वाटलं. बाईच्या आयुष्याचा गाभा त्यातच होता. मूळ कागद कुठे आहे, हे विचारल्याशिवाय टाइप केलेल्या प्रतीवर काम सुरू करू नका.

कागद हातात आल्यावर

मूळ कागद तुमच्याकडे असतील तर हात धुऊन, पूर्ण कोरडे करून हाताळा. कागदासाठी मोजे नकोत, बोटांना कडा जाणवत नाहीत आणि कागद फाटतो. मोजे फक्त फोटोंसाठी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. त्या काळची लोह असलेली शाई कागद खाते, त्यामुळे जाड रेघांच्या जागी बारीक भोकं पडलेली दिसतील. असा कागद पुन्हापुन्हा घडी घालू-उलगडू नये. एकदा सपाट करून आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवावा.

स्कॅन किमान ४०० डीपीआयचा, रंगीत, आणि प्रत्येक बाजूचा घ्या, कोरी दिसली तरी. याचं कारण पत्राच्या घडणीत आहे. १८४० च्या दशकापर्यंत लिफाफा सहसा नसायचा. एक मोठा ताव मधे दुमडून चार पानं करायची, तीन भरून लिहायची, चौथ्याच्या मधोमध पत्ता, आणि मग घड्या घालून लाखेचा शिक्का. टपालखर्च जबर, म्हणून पत्त्याच्या वरखाली उरलेल्या पट्ट्यांत आणि समासात आडवंही लिहिलेलं असतं. शेवटच्या क्षणी आठवलेलं, सर्वांत कळकळीचं वाक्य पुष्कळदा तिथेच सापडतं. शिक्का फोडताना कागदाचा तुकडा निघून जातो आणि आतल्या पानावर दोनतीन ओळींत भोक पडतं. तो तुकडा कधी कधी लाखेलाच चिकटलेला असतो, तो उलटून पाहा.

फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग लेखक, मग पान. गठ्ठ्याचा मूळ क्रम बदलण्याआधी तो लिहून ठेवा. कुणी कुठली पत्रं एकत्र बांधली होती, हाही पुरावा आहे.

लिपी शिकणं

इथे घाई करून चालत नाही. एकोणिसाव्या शतकातले जर्मन लोक रोजचं लेखन कुरेंट नावाच्या वळणात करत. आजचा शिकलेला जर्मन माणूसही ते सहज वाचू शकत नाही. पुष्कळ जण सरसकट त्याला झ्यूटरलीन म्हणतात, पण ते वळण विसाव्या शतकातलं. प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याच्या शाळांत ते १९१५ पासून शिकवलं जाऊ लागलं. झ्यूटरलीनचा तक्ता घेऊन १८४१ चं पत्र वाचायला बसलात तर निम्मी अक्षरं जुळणार नाहीत. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: भाषा येते, पण कागद गप्प राहतो.

अडचण कशी असते ते एका शब्दात पाहा. ‘माइने’, म्हणजे ‘माझी’ किंवा ‘माझे’, हा शब्द पत्राच्या पहिल्या ओळीत हमखास येतो. कुरेंटमध्ये त्यातल्या ‘एम’ला तीन उभे टोकदार फटकारे, ‘ई’ला दोन, ‘आय’ला एक, ‘एन’ला दोन आणि शेवटच्या ‘ई’ला पुन्हा दोन. एकूण दहा फटकारे एकापुढे एक आणि खूण म्हणून फक्त ‘आय’वरचा एक टिंब. म्हणजे वाचायची सुरुवात टिंबापासून करायची आणि दोन्ही बाजूंना फटकारे मोजत जायचं. ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान असते, तीच त्याला ‘एन’पासून वेगळं करते. ‘एम’ किंवा ‘एन’वर आडवी रेघ दिसली तर ते अक्षर दोनदा वाचायचं. ‘एच’ला वर आणि खाली दोन्हीकडे फासा असतो. शब्दाच्या मधला ‘एस’ लांब आणि ‘एफ’सारखा दिसतो, शेवटचा आखूड आणि गोल. शब्दाच्या शेवटी येणारं ‘एन’ अक्षर घाईत नुसत्या शेपटीसारखं ओढलेलं असतं.

एक सवय मात्र वाचकाच्या बाजूची आहे. माणसांची नावं, गावांची नावं आणि परके शब्द हे लोक पुष्कळदा कुरेंटऐवजी साध्या रोमन वळणात लिहीत. त्यामुळे अनोळखी पत्र हाती आलं की पहिल्या फेरीत फक्त रोमन वळणातले शब्द उचला. कुठलं गाव, कुठली काउंटी (अमेरिकन राज्यातला जिल्हा), कोण माणसं, कुठले इंग्रजी शब्द अंगवळणी पडले आहेत, एवढं दहा मिनिटांत कळतं.

सराव रोज अर्धा तास, आणि एकाच व्यक्तीच्या अक्षराचा. पहिल्या पत्रातून तिच्या हातची सगळी अक्षरं कापून एका कागदावर तिचा स्वतःचा तक्ता बनवा. छापील तक्त्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळींपासून वाचा, कारण त्या ठरीव असतात: देवाच्या कृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे, अमक्यातमक्याला नमस्कार. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे अक्षरं तिथे ओळखू येतात, आणि तीच अक्षरं घेऊन मधल्या अवघड भागात शिरता येतं.

ट्रान्सक्रिबससारखी प्रणाली संगणकावर कुरेंट वाचून देते. जरूर वापरा, मोठ्या गठ्ठ्यात शोध घ्यायला तिच्यासारखं साधन नाही. पण नावं, आकडे आणि आजारांचे शब्द ती सर्रास चुकीचे वाचते, आणि तुम्हाला नेमकी त्यांचीच गरज असते. तिचा मजकूर कच्चा खर्डा समजून प्रत्येक ओळ मूळ स्कॅनशी ताडून पाहा.

लिप्यंतर आधी, अनुवाद नंतर

जर्मन चांगलं येणाऱ्यांना वाचता वाचताच मराठी किंवा इंग्रजी लिहायचा मोह होतो. तो आवरा. आधी जर्मन मजकूर जसाच्या तसा, ओळीला ओळ, तिच्या शुद्धलेखनासकट उतरवा. न कळलेल्या शब्दापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, फाटलेल्या जागी टिंबं, खोडलेलं असेल तर खोडलेलं म्हणून नोंद. वेगळ्या हाताने लिहिलेला भाग वेगळा दाखवा, कारण एका पत्रात बायको, नवरा आणि मुलं असे तिघेचौघेही लिहितात. नवऱ्याने आधी लिहून उरलेल्या जागेत बायकोने लिहिलं असेल तर तीही नोंद हवी. नवऱ्याची नजर पडणारच आहे हे माहीत असताना लिहिलेलं पत्र आणि एकांतात लिहिलेलं पत्र सारखं नसतं.

आठवड्यानंतर तेच पान पुन्हा कोऱ्या नजरेने वाचा. प्रश्नचिन्हांपैकी बरीच आपोआप सुटतात.

पत्रांची नोंदवही

माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची पायरी, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच. साधा तक्ता करा. रकाने असे: पत्र लिहिल्याची तारीख, कुठून, कुणाला, पोचल्याची तारीख (घेणाऱ्याने पाठीमागे लिहून ठेवली असेल तर), कुणाच्या हाती किंवा कुठल्या बंदरातून, आणि या पत्रात आधीच्या कुठल्या पत्रांचा उल्लेख आहे. शेवटचा रकाना भरत गेलात की हरवलेली पत्रं दिसू लागतात. ‘तुझं मेमधलं पत्र मिळालं’ असं वाक्य असेल आणि मेचं पत्र गठ्ठ्यात नसेल, तर त्याचीही ओळ तक्त्यात हवी, रिकामी.

तारखा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ७, ८, ९ आणि रोमन दहाच्या पुढे ‘बर’ अशी अक्षरं दिसली तर ते सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर आहेत. जुन्या रोमन मोजणीप्रमाणे हे सातवे ते दहावे महिने. आणि कॅथलिक घरांत तारखेऐवजी सणावारांची नावं येतात: योहानी म्हणजे २४ जून, मिखाएलिस म्हणजे २९ सप्टेंबर, मार्टिनी म्हणजे ११ नोव्हेंबर, लिख्टमेस म्हणजे २ फेब्रुवारी. येट्टेचं गाव कॅथलिक. फादर फर्डिनांड हेलियास हे बेल्जियन जेझुइट १८३८ पासून त्या भागात होते आणि वस्तीचं सामाजिक आयुष्य चर्चभोवती फिरत होतं, त्यामुळे अशा खुणा ओळखता यायलाच हव्यात.

टपालाचा वेळही तक्त्यात धरा. १८३० च्या दशकात मिसुरीच्या रानातून वेस्टफालियाला पत्र पोचायला दोनतीन महिने सहज लागत. सेंट लुइसपर्यंत नदीतून, पुढे न्यू ऑर्लिन्स किंवा पूर्व किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजाने, मग ब्रेमेन किंवा ल आव्र ही युरोपातली बंदरं. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत अर्धं वर्ष. १८४७ मध्ये न्यूयॉर्क-ब्रेमेन टपालबोट वाफेवर सुरू झाली आणि हे अंतर आकसू लागलं. १८६८ च्या टपाल करारानंतर दरही उतरले. पत्रं अचानक वारंवार आणि लहान होऊ लागली तर नात्यात काही बदललं असं लगेच समजू नका, टपाल स्वस्त झालं असेल.

माणसांची ओळख पटवणं

एका पत्रात पंधरावीस नावं येतात आणि त्यातली निम्मी हाइनरिश, बेर्नार्ड, फ्रान्स अशी एकसारखी. प्रत्येक नावाला कार्ड करा: कुठल्या पत्रात आलं, काय नातं, कुठलं गाव. पहिलं नाव म्हणजे हाकेचं नाव नव्हे. चर्चच्या नोंदीत योहान बेर्नार्ड असलेला माणूस पत्रात नुसता बेर्नार्ड असतो. हेन्रिएटची येट्टे होते, तशी एलिझाबेथची लिझेट्टे. वेस्टफालियाची आणखी एक खासियत म्हणजे वाड्याचं नाव. शेतवाडीच्या वारस मुलीशी लग्न केलेला जावई त्या वाडीचंच नाव लावतो, त्यामुळे दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात. आपल्याकडे घरजावई आडनाव बदलत नाही, म्हणून मराठी वाचक इथे हमखास चकतो.

जर्मन बाजूच्या नोंदींसाठी म्युन्स्टर धर्मप्रांताची चर्चची पुस्तकं मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. प्रोटेस्टंट गावांसाठी आर्खियोन आहे, त्याला पैसे पडतात. जहाजाच्या याद्यांबाबत आधीच कल्पना असू द्या: ब्रेमेनच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासी याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या आहेत. हांबुर्गच्या १८५० पासूनच्या टिकल्या. ब्रेमेनहून निघालेल्यांचा शोध अमेरिकन बंदरातल्या आगमन याद्यांत घ्यावा, त्या १८२० पासून आहेत.

अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. १८४० च्या गणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं. म्हणजे १८३६ मध्ये आलेली आणि १८४९ मध्ये वारलेली बाई सरकारी गणनेत नावाने कधीच सापडणार नाही, तिचं नाव पत्रांत आणि चर्चच्या पुस्तकातच. काउंटीच्या सीमाही बदलतात. येट्टेचं घर जागचं हललं नाही, पण १८४१ मध्ये गॅस्कोनेड काउंटीतून ओसेज काउंटी वेगळी काढली गेली. त्याआधीचे जमिनीचे कागद एका कचेरीत, नंतरचे दुसऱ्या.

वजनं, मापं, पैसे

हे लवकर उरकतं, पण चुकलं तर सगळं चित्र बिघडतं. जर्मन मैल साडेसात किलोमीटरचा, अमेरिकन मैल एक पूर्णांक सहा किलोमीटरचा. ‘सर्वांत जवळचा शेजारी दोन मैलांवर’ असं वाक्य आलं की ती कुठला मैल मोजते आहे, यावर तिचा एकटेपणा तीन किलोमीटरचा की पंधरा किलोमीटरचा हे ठरतं. साधारणपणे आल्यावर काही वर्षं लोक जुन्या मापाने बोलतात आणि मग नकळत नव्यावर येतात. हा बदल कुठल्या पत्रात झाला, तेही टिपून ठेवा. प्रशियन मॉर्गन म्हणजे पाव हेक्टरहून थोडं जास्त, एकर म्हणजे शून्य पूर्णांक चार हेक्टर. धान्याचा प्रशियन शेफेल पंचावन्न लिटरचा, बुशेल पस्तीस लिटरचा. एका डॉलरला साधारण १.४ प्रशियन थालर, एका थालरला तीस चांदीचे ग्रोशेन.

आजारांची नावं आजच्या अर्थाने घेऊ नका. ‘थंड ताप’ म्हणजे बहुतेक वेळा हिवताप. मिसुरीच्या नदीखोऱ्यात नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाला तो गाठायचा. ‘मज्जातंतूंचा ताप’ म्हणजे सहसा विषमज्वर. ‘झीज’ म्हणजे क्षय. ‘रूर’ म्हणजे रक्ती हगवण.

जे लिहिलं नाही ते वाचणं

येट्टेच्या आयुष्यात १८४१ च्या शरदात काही आठवड्यांच्या आत तीन मुलं हगवणीने गेली. घरात डॉक्टर असताना. असा प्रसंग अभ्यासायचा असेल तर थेट त्या पत्रावर उडी मारू नका. नोंदवही उघडा. त्याआधीचं पत्र कधीचं, त्यात मुलांबद्दल काय होतं, पुढचं पत्र किती दिवसांनी निघालं, ते कुणी सुरू केलं. मग टपालाचा हिशेब करा: त्याच आठवड्यांत माहेराहून निघालेली पत्रं वाटेत होती, आणि ती हाती पडली तेव्हा त्यांत गेलेल्या मुलांसाठी खाऊ, आशीर्वाद, चौकश्या असणार. त्या बाईने ती पत्रं उघडून वाचली असतील. माहेरची उत्तरं हाती नसली तरी तारखांवरून एवढं समजतं, आणि दुःखाचा खरा लांबीरुंदीचा अंदाज येतो. पुढच्या वर्षांतल्या पत्रांत मुलांची गणती ती कशी करते, कुणाचं नाव पुन्हा ठेवते, वाढदिवसाच्या महिन्यात काय लिहिते, हे ओळीने पाहत जा.

गरोदरपण या पत्रांत सहसा उघड सांगितलेलं नसतं. पत्र घरात मोठ्याने वाचलं जाई, शेजारीपाजारी ऐकत, पाद्रीही ऐकत. बाळ जन्मल्यावरच बातमी. म्हणून मुलांच्या जन्मतारखा तक्त्यात भरा आणि नऊ महिने मागे मोजा. मग ‘या उन्हाळ्यात फारसं काम झालं नाही’, ‘मन थाऱ्यावर नाही’ अशी वाक्यं वेगळी वाचाल. तक्रारही अशीच दबलेली असते. माहेरचे जायला विरोध करत होते, आता इथे वाईट चाललंय असं लिहिणं म्हणजे नवऱ्याला आणि स्वतःच्या निर्णयाला खोटं पाडणं. गॉटफ्रीड डूडेन यांनी मिसुरीचं गोड वर्णन करणारा वृत्तांत १८२९ मध्ये छापला आणि त्यामुळे हजारो सुशिक्षित जर्मन इकडे वळले. त्या वर्णनाशी ताडूनच माहेरचे लोक प्रत्येक पत्र वाचत असणार, हे लिहिणारीलाही ठाऊक होतं.

आणखी एक मौन आहे, त्याकडे दुर्लक्ष करणं मला अप्रामाणिक वाटतं. मिसुरी गुलामगिरीचं राज्य होतं. तिथे गुलामगिरी ११ जानेवारी १८६५ रोजी संपली. जी जमीन हे लोक कसत होते ती ओसेज या मूळनिवासी लोकांनी १८०८ च्या तहात सोडलेली. जर्मन वस्तीच्या पत्रांत या माणसांचा उल्लेख नुसता ‘एक काळा’, ‘इंडियन आले होते’ असा नाव नसलेला येतो, किंवा येतच नाही. अशा प्रत्येक उल्लेखाला नावाच्या माणसांसारखंच कार्ड करा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत, मालकाच्या नावाने. तुमच्या कुटुंबाचं आणि शेजाऱ्यांचं नाव त्यांत आहे का ते तपासा, आणि जे निघेल ते टिपणात लिहा. यादवी युद्धात मिसुरीचे बहुसंख्य जर्मन संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने उभे राहिले, येट्टेचा मुलगा हाइनरिश त्याच सैन्यात १८६३ मध्ये मारला गेला. ते खरंच आहे, पण म्हणून आधीची पंचवीस वर्षं न तपासता सोडता येत नाहीत.

डायरी असेल तर

डायरी शब्दाने फसू नका. यातल्या बहुतेक वह्या म्हणजे छापील पंचांगाच्या समासातल्या दोनदोन शब्दांच्या नोंदी: हवा, पेरणी, किती अंडी विकली, कोण येऊन गेलं. कंटाळवाण्या वाटतात म्हणून पहिल्याच आठवड्यात पुष्कळ जण त्या बाजूला ठेवतात. असं करू नका. त्या ओळी पत्रांच्या तक्त्याशेजारी तारखेवार मांडा. पत्रात ‘सगळं उत्तम’ असलेल्या दिवशी डायरीत चार दिवस कुणीच आलेलं नाही, पाव भाजलेला नाही, कपडे धुतलेले नाहीत, असं दिसतं, आणि बाई अंथरुणाला खिळली होती हे उलगडतं.

प्रवासाची डायरी वेगळी. ती पुष्कळदा माहेरी पाठवण्यासाठीच लिहिलेली किंवा नंतर सुवाच्य अक्षरात उतरवलेली असते. शाई एकसारखी, खाडाखोड नाही, बोटीच्या हेलकाव्यांचा हातावर परिणाम नाही, असं असेल तर ती जमिनीवर बसून केलेली प्रत समजा. तसंच उतारवयात मुलांसाठी लिहिलेल्या आठवणी. येट्टेनेही तशी हकिकत लिहिली. त्या फार सुंदर असतात, पण घटनेच्या तारखेसाठी नेहमी त्या वेळचं पत्र प्रमाण माना.

मराठीत आणताना

भाऊ-बहिणींत ‘तू’ सरळ जमतं. आईवडिलांना त्या काळी अनेक घरांत आदरार्थी संबोधत, मूळ पाहून ठरवा. येट्टे हाइनरिशहून मोठी, म्हणून ‘चि. हाइनरिश यास अनेक आशीर्वाद’ असं लिहायचा मोह होईल. माझं मत विरुद्ध आहे. ‘चि.’, ‘तीर्थरूप’, ‘सा. न. वि. वि.’ यांच्याबरोबर आपल्या घरांतली सगळी रीत आत येते आणि वेस्टफालियाचं कॅथलिक घर सदाशिव पेठेत जाऊन बसतं. ‘प्रिय हाइनरिश’ पुरे.

तिच्या जर्मनमध्ये शिरलेले इंग्रजी शब्द, कुंपणासाठी, दुकानासाठी, काउंटीसाठी, अनुवादात इंग्रजीच ठेवा. वर्षागणिक ते वाढत जातात आणि ती इथली होत चालल्याचं तेच माप आहे. मापं मूळच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे तळटीप द्या. वाक्यं तुटक असतील तर तुटक राहू द्या. एका हाताने पाळणा हलवत लिहिलेलं पत्र गुळगुळीत गद्यात आणलं तर तो हात दिसेनासा होतो.

हक्क आणि जपणूक

अप्रकाशित पत्रांचा हक्क लिहिणारीचा आणि तिच्या वारसांचा, कागद ज्याच्याकडे आहे त्याचा नव्हे. जर्मनीत आणि अमेरिकेतही साधारण नियम मृत्यूनंतर सत्तर वर्षांचा. १८९९ मध्ये वारलेल्या बाईचे स्वतःचे शब्द त्यामुळे सर्वसाधारणपणे आज मोकळे धरता येतात, मात्र मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा छापलेल्या मजकुराला काही देशांत वेगळी मुदत लागू होते, ती तपासा. पण १९८८ मध्ये कुणी केलेला इंग्रजी अनुवाद, टिपा आणि प्रस्तावना मोकळ्या नाहीत. त्यावरून मराठी अनुवाद छापायचा असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, किंवा मूळ जर्मनवरून काम करा. संग्रहालयाचे स्कॅन वापरताना त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचारा. वंशज हयात असतील तर वेडसरपणा, अनौरस मूल, आत्महत्या अशा गोष्टी छापण्याआधी त्यांच्याशी बोला. कायदा सांगत नसला तरी बोला.

काम झाल्यावर लिप्यंतर, नोंदवही आणि माणसांची कार्डं यांची एक प्रत मूळ कागद असलेल्या संस्थेकडे आणि एक लेखिकेच्या माहेरच्या गावातल्या इतिहास मंडळाकडे पाठवा. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात द्या आणि न सुटलेल्या शब्दांची यादी तिच्यासोबत जोडा. त्या गावात अजून ती बोली बोलणारं कुणीतरी असतं, आणि तुम्हाला महिनोन्‌महिने अडलेला शब्द त्यांच्या आजीच्या तोंडचा निघतो.